कार्डिनल ग्रेशियस : परक्या पीठाचे भारतीय वारसदार

पोप बारावे पायस यांनी १२ जानेवारी १९५३ रोजी रोममध्ये चोवीस नव्या कार्डिनलांची नियुक्ती केली. या यादीत मुंबईचे आर्चबिशप व्हॅलेरियन ग्रेशियस यांचे नाव होते. कार्डिनलपदाचा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. त्याच यादीत पोलंडचे आर्चबिशप स्टेफान विशिन्स्की यांचेही नाव होते. मात्र तेथील कम्युनिस्ट सरकारने त्यांना पारपत्र नाकारल्याने ते समारंभास उपस्थित राहू शकले नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये विशिन्स्की यांना अटक झाली आणि पुढील तीन वर्षे त्यांनी स्थानबद्धतेत काढली. एकाच दिवशी एकच पद मिळालेल्या या दोन आर्चबिशपांच्या वाट्याला आलेले इतिहास मात्र अगदी भिन्न होते.

पोलंडमध्ये आर्चबिशप हे राष्ट्रजीवनाचे एक अंग मानले गेले. इ. स. १००० मध्ये ग्न्येझ्नो येथे त्या देशाचे पहिले महाधर्मपीठ स्थापन झाले. पुढे राजा निवडून देण्याची पद्धत रूढ झाल्यावर एक राजा मरण पावला आणि दुसरा निवडला जावयाचा, या मधल्या काळात ग्न्येझ्नोचे आर्चबिशपच राज्याची सूत्रे सांभाळीत. १७९५ मध्ये रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी उरलासुरला पोलंडही वाटून घेतला. १९१८ पर्यंत हे राष्ट्र नकाशावर नव्हते. पण भाषा आणि चर्च या दोन आधारांवर ते लोकांच्या मनात टिकून राहिले. नाझी अमलात क्राकोचे आर्चबिशप सापिएहा यांनी धर्मगुरूंचे शिक्षण गुप्तपणे चालू ठेवले. त्या गुप्त वर्गांतील एक विद्यार्थी होता कारोल वोयतिवा. महाराष्ट्राला पोलंडची ओळख झाली ती याच महायुद्धात, कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील निर्वासितांच्या वसाहतीमुळे. १९४३ ते १९४८ या काळात तेथे सुमारे पाच हजार पोलिश लोकांनी आश्रय घेतला होता.

मुंबईची कथा याच्या नेमकी उलट होती. येथील आर्चबिशप कोण असावा, हे दीर्घकाळ परकी राजसत्ता ठरवीत आल्या. पोपने पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील चर्चच्या आश्रयदात्याचे अधिकार दिले होते. ‘पाद्रोआदो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या व्यवस्थेमुळे पोर्तुगालने मुंबई इंग्रजांच्या हवाली केल्यानंतरही येथील चर्चवरचा हक्क मात्र सोडला नाही. एका बाजूला रोमने नेमलेले धर्माधिकारी, दुसऱ्या बाजूला गोव्याला मानणारे, असा दुहेरी अंमल मुंबईच्या कॅथलिकांनी कित्येक पिढ्या अनुभवला. १९२८ मध्ये त्यावर जो तोडगा निघाला तो आज वाचताना चमत्कारिक वाटतो. मुंबईचे आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश असावेत, असे ठरले. या पाळीत भारतीयाला जागाच नव्हती.

परक्यांच्या आधारावर उभी असलेली धर्मसंस्था किती दुबळी असते, याचा दाखला त्यापूर्वीच अहमदनगर येथे मिळाला होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबई-पुणे मिशनचा कारभार जर्मन जेझुइट धर्मगुरूंकडे होता. १८६९ मध्ये मुंबईचे सेंट झेवियर कॉलेज त्यांनीच उभारले. नगर जिल्ह्यातील खेड्यांमधून कॅथलिक मंडळ्याही त्यांनीच वसविल्या. पहिले महायुद्ध सुरू झाले आणि हेच धर्मगुरू सरकारच्या लेखी शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांच्यापैकी अनेकांना अहमदनगर येथील लष्करी छावणीत स्थानबद्ध करण्यात आले आणि नंतर मायदेशी धाडण्यात आले. युद्ध सुरू झाले तेव्हा पुण्याचे जर्मन बिशप हेन्रिच ड्योरिंग युरोपात होते. त्यांना परतता आले नाही. ज्या जिल्ह्यातील खेड्यांत हे धर्मगुरू पायी हिंडत, त्याच जिल्ह्याच्या मुख्य गावी त्यांना कैदेत राहावे लागले. इकडे गावोगावची मंडळी धर्मगुरूंवाचून उघडी पडली.

हा धोका एका पोलिश आर्चबिशपने बराच आधी ओळखला होता. लाडिस्लास झालेस्की यांचा जन्म १८५२ मध्ये लिथुआनियात, पोलिश परंपरेच्या घराण्यात झाला. जन्मतःच ते रशियाच्या झारचे प्रजाजन होते. १८९२ ते १९१६ अशी चोवीस वर्षे त्यांनी हिंदुस्थानात पोपचे प्रतिनिधी म्हणून काम पाहिले. या देशातील चर्च येथील धर्मगुरूंनीच चालविले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. या हेतूने १८९३ मध्ये श्रीलंकेतील कँडी येथे पोपच्या नावाने सेमिनरी सुरू झाली. १८९६ मध्ये केरळच्या सिरियन कॅथलिकांसाठी तीन एतद्देशीय बिशपांना त्यांनी स्वहस्ते दीक्षा दिली. मात्र त्यांच्या उदारपणालाही एक कुंपण होते. ब्रह्मबांधव उपाध्याय या बंगाली संन्याशाने भगवी वस्त्रे आणि वेदान्ताची परिभाषा घेऊन कॅथलिक आश्रम काढण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्याला कडाडून विरोध करणारेही झालेस्कीच होते. धर्मगुरू भारतीय हवा, पण त्याचा साचा मात्र रोमचाच, अशी त्यांची धारणा दिसते. फुलांची चित्रे काढण्याचा छंद असलेला हा वनस्पतिप्रेमी आर्चबिशप १९२५ मध्ये रोम येथे मरण पावला. त्यांची सेमिनरी १९५५ मध्ये कँडीहून पुण्यात आली. पुण्याहून नगरला निघालेल्या प्रवाशाच्या वाटेवरच रामवाडीच्या परिसरात ती लागते. पण तिचे मूळ एका पोलिश माणसाच्या आग्रहात आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

याच सेमिनरीत व्हॅलेरियन ग्रेशियस घडले. २३ ऑक्टोबर १९०० रोजी कराचीत एका गोवेकर कुटुंबात त्यांचा जन्म झाला. कराची त्या वेळी मुंबई इलाख्यात होती आणि पोट भरण्यासाठी गोवा सोडलेल्या अनेक कुटुंबांनी तेथे बिऱ्हाडे थाटली होती. तेथील सेंट पॅट्रिक शाळेत शिक्षण घेऊन ते मंगळूरला आणि तेथून कँडीला गेले. ३ ऑक्टोबर १९२६ रोजी त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. वांद्रे येथे अल्पकाळ सेवा केल्यावर रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठात दोन वर्षे अध्ययन करून १९२९ मध्ये ते परतले, तेव्हा मुंबईच्या पीठावर जोआकिम लिमा हे पोर्तुगीज आर्चबिशप होते. ग्रेशियस त्यांचे खासगी सचिव झाले. पाळीच्या पद्धतीने चालणाऱ्या या गादीचा कारभार त्यांनी असा अगदी आतून पाहिला. लेखन, संपादन आणि विशेषतः इंग्रजी वक्तृत्व यांमुळे त्यांचे नाव शहरात झाले. १९४१ मध्ये कुलाब्याच्या होली नेम कॅथीड्रलचे ते पहिले भारतीय प्रमुख झाले.

लिमा यांच्यानंतर इंग्रजांची पाळी होती. १९३७ मध्ये थॉमस रॉबर्ट्स हे लिव्हरपूलमधील एका चर्चचे प्रमुख थेट मुंबईचे आर्चबिशप म्हणून नेमले गेले. भारताशी त्यांचा पूर्वी काहीही संबंध नव्हता. पण या माणसाने जे केले ते सत्ताधाऱ्यांच्या इतिहासात क्वचितच आढळते. हा देश आता स्वतंत्र होणार आणि येथील गादी भारतीयाकडेच गेली पाहिजे, हे त्यांनी जाणले. परंतु त्यांनी सरळ राजीनामा दिला असता तर कराराप्रमाणे पोर्तुगीजांची पाळी आली असती. त्यांनी यातून युक्तीचा मार्ग काढला. १९४६ मध्ये ग्रेशियस यांची साहाय्यक बिशप म्हणून नेमणूक झाली. २९ जून रोजी रॉबर्ट्स यांनीच त्यांना दीक्षा दिली आणि नंतर ते स्वतः मुंबईबाहेर राहू लागले. नावाला आर्चबिशप रॉबर्ट्स, कारभारी मात्र ग्रेशियस, अशी चार वर्षे गेली. दरम्यान देश स्वतंत्र झाला, १९४८ मध्ये भारत आणि व्हॅटिकन यांच्यात राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले आणि १८ जुलै १९५० च्या कराराने पोर्तुगालने मुंबईसह भारतातील पीठांवरचा आपला हक्क सोडला. ४ डिसेंबर १९५० रोजी व्हॅलेरियन ग्रेशियस मुंबईचे आर्चबिशप झाले. ज्या गादीसाठी दोन साम्राज्ये पाळी लावीत होती, ती एका भारतीयाकडे आली ती एका इंग्रजाने जागा मोकळी करून दिल्यामुळे, ही गोष्ट रॉबर्ट्स यांच्या खात्यावर जमा धरली पाहिजे.

पुढचा काळ सोपा नव्हता. पोलंडच्या आर्चबिशपामागे जवळजवळ सारे राष्ट्र होते. ग्रेशियस यांच्यामागे होता तो लहानसा समाज आणि त्याच्याविषयीचा संशय. ख्रिस्ती माणूस भारतीय असू शकतो काय, हा प्रश्न तेव्हा उघडपणे विचारला जाई. त्यात गोव्याचा प्रश्न पेटला. गोवा हे पूर्वेतील कॅथलिक धर्माचे केंद्र आहे, या सबबीखाली पोर्तुगाल आपली वसाहत राखू पाहत होते. हा प्रश्न राजकीय आहे, धर्माचा नाही, ही भारताची भूमिका होती. गोवेकर रक्ताच्या या कार्डिनलने त्या भूमिकेची बाजू घेतली. जुलै १९५५ मध्ये पंतप्रधान नेहरू पोपना भेटले आणि व्हॅटिकननेही गोव्याचा प्रश्न धार्मिक नसल्याचे मान्य केले, तेव्हा पोर्तुगालच्या युक्तिवादातील हवाच निघून गेली. त्याच सुमारास नागपूर राजधानी असलेल्या तत्कालीन मध्य प्रदेशात न्या. भवानीशंकर नियोगी यांच्या समितीने मिशनरी कार्यावर कडक टीका केली. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेचे अध्यक्षपद अनेक वर्षे भूषविणाऱ्या ग्रेशियस यांना या दोन्ही आघाड्या सांभाळाव्या लागल्या. परकेपणाचा आरोप खोडून काढावयाचा आणि घटनेने दिलेले धर्मप्रसाराचे स्वातंत्र्यही सोडावयाचे नाही, अशी ही कसरत होती.

त्यांच्या कारकीर्दीचा कळस म्हणजे १९६४ ची मुंबईतील आंतरराष्ट्रीय युखारिस्त परिषद. २ डिसेंबर रोजी पोप सहावे पॉल मुंबईत उतरले. कोणत्याही पोपची भारताला ही पहिलीच भेट. भेटीपूर्वी काही हिंदुत्ववादी संघटनांनी विरोधाचे वातावरण निर्माण केले होते. प्रत्यक्षात मुंबईकरांनी रस्त्याच्या दुतर्फा प्रचंड गर्दी केली, ओव्हल मैदान माणसांनी फुलून गेले आणि पोपनी आपल्या भाषणात उपनिषदांतील प्रार्थनेचा आधार घेतला. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी झालेस्कींनी ज्या उपनिषदांच्या परिभाषेला दार बंद केले होते, ती परिभाषा आता खुद्द पोपच्या मुखी आली होती. जाताना पोपनी आपल्या वापरातील मोटार मदर तेरेसा यांना भेट दिली. १९६६ मध्ये ग्रेशियस यांना पद्मविभूषण सन्मान लाभला.

मात्र त्यांच्या कार्याला मर्यादाही होत्या. मुंबईच्या चर्चचा तोंडवळा शहरी आणि इंग्रजी वळणाचा राहिला. गोवेकर, मंगळुरी आणि ईस्ट इंडियन समाजांचे तेथे वर्चस्व होते. वसईसारखा मराठी बोलणारा मोठा पट्टा याच महाधर्मप्रांतात असूनही कार्डिनलांची सार्वजनिक वाणी इंग्रजीच होती. राहुरी, संगमनेर, श्रीरामपूर या भागातील मराठी कॅथलिक तर याहून वेगळ्या जगात जगत होते. हा जिल्हा पुणे धर्मप्रांतात मोडत असे आणि पुणे हे मुंबईच्या महाधर्मपीठाशी जोडलेले होते. तेथील बहुसंख्य ख्रिस्ती पूर्वाश्रमीच्या दलित जातींतील, शेतमजुरी करणारे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदू धर्माबाहेरच्यांना नाकारल्या. पुढे शीख आणि बौद्ध त्यातून सुटले. ख्रिस्ती मात्र राहिले. ग्रेशियस यांच्या हयातीत हा प्रश्न सुटला नाही. या माणसांनी आपली भक्ती आपल्या पद्धतीने मांडली. हरेगावच्या मतमाउलीची यात्रा १९४९ मध्ये सुरू झाली आणि दर सप्टेंबरात तेथे मराठी माणसांची रीघ लागू लागली. त्या गर्दीत ख्रिस्तीच असतात असेही नाही. आर्चबिशपच्या गादीचे भारतीयीकरण होण्यासाठी करार करावे लागले. हरेगावचे भारतीयीकरण कोणी करावे लागले नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्थानिक भाषांतील उपासनेला मान्यता दिल्यानंतर या मंडळ्यांत मिस्सा मराठीत होऊ लागला. या परिषदेत ग्रेशियस सहभागी होते. १९५८ आणि १९६३ या दोन्ही पोप निवडणुकांतही त्यांनी मतदान केले. ऑगस्ट १९७८ मध्ये पहिले जॉन पॉल निवडले गेले, तेव्हा मात्र कर्करोगाने ग्रासलेले ग्रेशियस रोमला जाऊ शकले नाहीत. ११ सप्टेंबर १९७८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस नवे पोपही अकस्मात वारले आणि १६ ऑक्टोबर रोजी क्राकोचे आर्चबिशप, सापिएहांच्या गुप्त वर्गांतील ते वोयतिवा, दुसरे जॉन पॉल म्हणून पोप झाले. फेब्रुवारी १९८६ मध्ये ते पुण्यात आले.

ग्रेशियस यांच्यामागून मुंबईच्या गादीवर आलेले सायमन पिमेंटा हे मरोळचे, म्हणजे मुंबईच्याच मातीतले. पुणे धर्मप्रांताचे विभाजन होऊन १९८७ मध्ये नाशिकचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि अहमदनगर जिल्हा (आजचा अहिल्यानगर) त्यात गेला. त्याच्या पहिल्या बिशपांचे नाव होते थॉमस भालेराव.