पंडिता रमाबाई : बिशपांपुढे झुकल्या नाहीत, पण केडगावच्या मुलींसाठी आपली भाषा बदलली

पुण्याहून रेल्वेने दौंडकडे जाताना केडगाव स्टेशन लागतं. पंडिता रमाबाईंचं 'मुक्ती मिशन' याच गावात आहे. विधवा आणि दुष्काळग्रस्त मुलींसाठी त्यांनी केलेलं काम अनेकांना माहीत असतं. पण ख्रिस्ती सेवेतल्या नम्रतेचा अर्थ त्यांनी कसा लावला, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

विद्वत्तेचा मान

रमाबाईंचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकवलं. आईकडून ते रमाबाईंकडे आलं. १८७४च्या दुष्काळात आईवडील गेले. पुढे भाऊ श्रीनिवाससोबत त्या देशभर फिरल्या. १८७८मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. तेव्हा त्या अवघ्या वीस वर्षांच्या होत्या.

गर्विष्ठपणाचा आरोप

१८८३मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेजच्या ख्रिस्ती जोगिणींच्या मठात राहिल्या आणि त्याच वर्षी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पण धर्म स्वीकारला म्हणून प्रश्न विचारणं त्यांनी थांबवलं नाही. चर्चची काही तत्त्वं त्यांना पटत नव्हती. मांसाहार करायला त्या तयार नव्हत्या. क्रुसावरचा मजकूर लॅटिनमध्ये का, असाही त्यांचा आक्षेप होता. हिंदुस्थानातल्या बायकांना ती भाषा कशी कळणार?

त्यांनी इंग्रज तरुणांना शिकवण्याचा विषय निघाला, तेव्हा बिशपांनी विरोध केला. हे बिशपांनी ठरवावं, हेच रमाबाईंना मान्य नव्हतं. त्यांच्यावर माया करणाऱ्या सिस्टर जेराल्डिन यांनाही यात अहंकार दिसला. त्यांच्या मते नम्र माणूस वरिष्ठांचं ऐकतो. रमाबाईंच्या लेखी देवापुढे नम्र असणं आणि चर्चच्या अधिकाऱ्यांपुढे मान तुकवणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. दोघींमधली पत्रं आज छापील रूपात उपलब्ध आहेत.

केडगावात काय घडलं?

१८८९मध्ये रमाबाईंनी मुंबईत 'शारदा सदन' सुरू केलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. त्यांची सोय केडगावच्या शेतावर झाली. त्यातून मुक्ती मिशन उभं राहिलं. इथे मुली वाचायला शिकत, तसंच शेती, विणकाम आणि छपाईही शिकत.

या मुलींच्या हाती बायबल द्यायचं, तर एक अडचण होती. प्रचलित मराठी भाषांतरात संस्कृत शब्द भरपूर होते. रमाबाईंना ते सहज कळत, मुलींना नाही. मग चाळिशी उलटल्यावर त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून नवं भाषांतर हाती घेतलं. संस्कृतमुळेच त्यांना मान मिळाला होता, आणि आता आपल्याच लिखाणातून तेच शब्द त्या वगळत होत्या. हिंदू धर्मकल्पनांशी जोडलेले शब्द टाळणं हाही त्यामागचा एक हेतू होता. छपाईचं काम मुक्तीतल्याच स्त्रियांनी केलं.

क्रुसावरच्या लॅटिनला विचारलेला प्रश्न, इतक्या वर्षांनी, त्यांनी स्वतःच्या संस्कृतलाही विचारला.

शेवट

१९२१मध्ये मनोरमा गेली. भाषांतर पूर्ण करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी केडगावातच देह ठेवला. संपूर्ण बायबल त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालं. मराठी चर्चमध्ये मात्र बायबल सोसायटीचं भाषांतरच जास्त रुळलं.

म्हणजे ज्या कामावर त्यांनी आयुष्याची शेवटची अनेक वर्षं घालवली, त्या कामाने त्यांना पहिल्या पदव्यांइतकी कीर्ती दिली नाही. ते पंडितांसाठी केलेलंच नव्हतं. नुकतीच अक्षरं लावायला शिकलेल्या मुलीला कुणाला न विचारता वाचता यावं, यासाठी ते होतं.