विश्लेषण : मालेगाव महापालिकेचा ढाचा आणि फिरोजशहा मेहता! नगरसेवक मोठे की आयुक्त, हा वाद १५० वर्षे जुना कसा?

मालेगावात १८६३ मध्ये नगरपालिका स्थापन झाली. डिसेंबर २००१ मध्ये तिची महापालिका झाली. नगराध्यक्षांच्या जागी महापौर आले, मुख्याधिकाऱ्यांच्या जागी आयुक्त आले आणि स्थायी समिती नावाची तिसरी सत्ता उभी राहिली. ही रचना आली कुठून? उत्तर शोधायचे तर १८७१ च्या मुंबईत आणि एका २६ वर्षांच्या बॅरिस्टरकडे जावे लागते. त्यांचे नाव फिरोजशहा मेहता.

कोण होते फिरोजशहा मेहता?

फिरोजशहांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईतील पारशी व्यापारी कुटुंबात झाला. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १८६४ मध्ये ते पदवीधर झाले आणि शिष्यवृत्तीवर कायदा शिकायला इंग्लंडला गेले. तिथे दादाभाई नौरोजींचा सहवास लाभला. १८६८ मध्ये बॅरिस्टर होऊन ते परतले. वकिली जोरात चालली, पण नाव झाले ते मुंबईच्या कारभारामुळे.

१८७१ मध्ये नेमका वाद काय होता?

त्या काळी मुंबईचा कारभार सरकारने नेमलेल्या जस्टिस ऑफ द पीस मंडळींकडे होता. करदात्यांना मत नव्हते. १८६५ च्या कायद्याने आयुक्तांच्या हाती भरपूर अधिकार आले आणि त्या खुर्चीत बसले आर्थर क्रॉफर्ड. त्यांनी रस्ते, गटारे, मंडई अशी कामे झपाट्याने केली. क्रॉफर्ड मार्केट त्यांच्याच नावाचे. मात्र खर्च हाताबाहेर गेला, कर वाढले आणि करदाते खवळले. आयुक्तांचे अधिकार काढून ते एका समितीकडे द्या, अशी मागणी पुढे आली.

मेहतांनी उलटी भूमिका घेतली. फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमधील सभेत त्यांनी निबंध वाचला. त्यांचे म्हणणे असे : काम एकाच जबाबदार अधिकाऱ्याने करावे, समितीने रोजचा कारभार हाकू नये. दोष आयुक्तपदाचा नाही, दोष आहे तो त्यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्यांचा. कारण ते लोकांनी निवडलेले नाहीत. म्हणून आयुक्त ठेवा, पण त्यांच्या वर करदात्यांनी निवडलेली सभा बसवा. श्रोत्यांना हे रुचले नाही आणि सभेत त्यांना विरोध झाला.

मग कायदा बदलला का?

बदलला. १८७२ च्या कायद्याने ६४ सदस्यांची पालिका आली. त्यातले ३२ करदात्यांनी, १६ जस्टिस मंडळींनी निवडायचे आणि १६ सरकारने नेमायचे. आयुक्तपद कायम राहिले. मात्र ठरावीक कर भरणाऱ्यांनाच मत होते. त्यामुळे शहरातील बहुसंख्य लोक बाहेरच राहिले. सर्व प्रौढांच्या मताने मुंबई पालिकेची निवडणूक व्हायला १९४८ उजाडले.

१८८८ चा कायदा एवढा महत्त्वाचा का?

१८८२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा ठराव केला. त्यानंतर मुंबईसाठी नव्या कायद्याचा मसुदा आला. त्यात आयुक्तांचे पारडे पुन्हा जड होते. तेव्हा मेहता मुंबई कायदे कौन्सिलात होते. न्या. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्यासह त्यांनी हा मसुदा कलमागणिक लढवला.

अखेर १८८८ चा कायदा आला तो तीन सत्तांचा. महापालिका सभा धोरण आणि अंदाजपत्रक ठरवणार. स्थायी समिती खर्चावर नजर ठेवणार. आयुक्त अंमलबजावणी करणार. मुंबई महापालिका आजही, अनेक दुरुस्त्यांसह, याच कायद्यावर चालते.

नंतरचे आयुष्य कसे गेले?

१८९० मध्ये कोलकाता येथील काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. १९०४ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. १९११ मध्ये सेंट्रल बँक ऑफ इंडियाचे ते पहिले अध्यक्ष झाले. १९१३ मध्ये त्यांनी बॉम्बे क्रॉनिकल हे दैनिक सुरू केले. काँग्रेसमधील जहालांशी त्यांचे कधी जमले नाही आणि पालिकेतही त्यांच्या दबदब्याविषयी नाराजी होती. १९०७ मध्ये त्यांना पालिकेतून हटवण्यासाठी विरोधकांनी गट बांधला, पण त्यांचे वजन त्याने कमी झाले नाही. ५ नोव्हेंबर १९१५ रोजी त्यांचे निधन झाले. मुंबई महापालिका मुख्यालयासमोर त्यांचा पुतळा आहे.

मालेगावशी संबंध काय?

मुंबईची तीन सत्तांची चौकट १९४९ च्या प्रांतिक महानगरपालिका कायद्यात उतरली. तोच आजचा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम. मालेगाव २००१ मध्ये नगरपरिषदांच्या १९६५ च्या कायद्यातून बाहेर पडून या कायद्याखाली आले. २०११ च्या जनगणनेत साडेचार लाखांहून अधिक लोकसंख्या असलेल्या, यंत्रमागांवर चालणाऱ्या या शहराचा ढाचा तेव्हापासून असा आहे :

● महासभा : २०१७ च्या निवडणुकीत ८४ जागा. अध्यक्षस्थानी महापौर, मुदत अडीच वर्षे.
● स्थायी समिती : १६ सदस्य. त्यातील निम्मे दर वर्षी निवृत्त होतात.
● आयुक्त : राज्य सरकार नेमते. अंमलबजावणीचे अधिकार त्यांचे.

अंदाजपत्रक आयुक्त तयार करतात, ते स्थायी समितीकडे जाते आणि अंतिम मंजुरी महासभा देते. आयुक्त नको असतील तर एकूण सदस्यांच्या पाच-अष्टमांश मतांचा ठराव लागतो. म्हणजे ८४ पैकी किमान ५३. कामाला एक हात आणि त्या हातावर लगाम, हा मेहतांचाच विचार.

तीनपैकी दोन सत्ता नसतील तर?

हे मालेगावने अनुभवले आहे. २०१७ मध्ये निवडून आलेल्या नगरसेवकांची मुदत २०२२ मध्ये संपली. ओबीसी आरक्षणाचा न्यायालयीन पेच आणि प्रभागरचनेचा घोळ यात राज्यभरातील निवडणुका रखडल्या आणि कारभार प्रशासकाकडे गेला. प्रशासक असताना सभेचे आणि स्थायी समितीचे अधिकारही त्याच खुर्चीत येतात. खर्च सुचवणारा, मंजूर करणारा आणि करणारा एकच. मेहतांचा १८७१ चा आक्षेप नेमका याच गोष्टीला होता.

७४ व्या घटनादुरुस्तीनुसार पालिकेची मुदत पाच वर्षे आहे आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक व्हायला हवी. १ जून १९९३ पासून हे बंधन लागू आहे. तरीही मतदानाला १५ जानेवारी २०२६ उजाडले.

नागरिकांनी काय लक्षात ठेवावे?

गटार तुंबले, दिवे बंद पडले तर जबाबदारी आयुक्तांच्या यंत्रणेची. त्या कामाला पैसा ठेवला की नाही, हा प्रश्न प्रभागातील नगरसेवकांना आणि स्थायी समितीला विचारायचा. दोघे एकमेकांकडे बोट दाखवत असतील, तर अंदाजपत्रक मागून पाहावे. कोणाचे काम कुठे अडले, ते तिथे दिसते.