चॅप्लिनने ज्याला गुरू मानलं, त्या मॅक्स लिंडरला जग विसरलं होतं

चार्ली चॅप्लिनला सगळं जग ओळखतं. पण त्याने ज्याला गुरू मानलं, तो मॅक्स लिंडर?

१८८३ मध्ये फ्रान्समधल्या बोर्डोजवळ द्राक्ष बागायतदाराच्या घरी मॅक्सचा जन्म झाला. १९०५ मध्ये तो पाथे कंपनीच्या मूकपटांत आला. उंच रेशमी हॅट, हातात काठी, कडक सूट. हा साहेबी थाटातला विनोदवीर सिनेमाच्या पहिल्या जागतिक स्टार्सपैकी एक ठरला.

मग पहिलं महायुद्ध आलं. मॅक्स परतला, पण शरीराने आणि मनाने खचूनच. हॉलिवूडमध्येही जम बसला नाही. १९२५ मध्ये त्याने पत्नीसह आयुष्य संपवलं. मुलगी मॉड तेव्हा दीड वर्षाचीही नव्हती.

मोठी झाल्यावर तिने वडिलांच्या फिल्म्स शोधल्या, १९८३ मध्ये माहितीपट केला. जो बाप तिला आठवतही नव्हता, त्याला तिने पडद्यावर परत आणलं.