रंग देणारा सुरतकर

गेल्या वर्षी आमच्या विभागाची शैक्षणिक सहल घेऊन मी सुरतेला गेलो होतो. पांडेसरा भागातल्या एका कापड रंगवण्याच्या कारखान्यात तिथल्या खानदेशी केमिस्टने आमच्यापुढे काचेचे दोन पेले ठेवले. एकात सगळ्या टाक्यांतून निवळून आलेले, पण तरीही तांबूस राहिलेले सांडपाणी. दुसऱ्यात तेच पाणी, अगदी नितळ. या दोहोंच्या मध्ये होते ते काळ्या कोळशाच्या दाण्यांनी भरलेले एक उंच लोखंडी पिंप. मी सहज विचारले, सुरतेचे प्रा. गज्जर आपल्याला ठाऊक आहेत का? त्यांनी नम्रपणे नकारार्थी मान हलवली. परतीच्या गाडीत पाहतो तो माझ्या विद्यार्थ्यांनाही ते नाव ठाऊक नव्हते! म्हणून हा लेख.

त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांचा जन्म १८६३ साली सुरतेत, सुतारकाम करणाऱ्या समाजात झाला. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकले. तो काळ रंगांच्या उलथापालथीचा होता. १८५६ मध्ये इंग्लंडात पर्किनने डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यांतून जांभळा रंग बनवला. १८६८ मध्ये जर्मन रसायनज्ञांनी मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांतला लाल रंग प्रयोगशाळेत तयार केला. ते रंग आपल्या बाजारात आले तेव्हा पिढ्यान् पिढ्या नीळ आणि मंजिष्ठ घोटणाऱ्या रंगाऱ्याला पुडीतले द्रव्य काय आहे हेच कळेना. हे रंग आता थांबणार नाहीत, तेव्हा रंगाऱ्याने त्यांचे शास्त्र शिकून घ्यावे, असे गज्जरांनी मनाशी घेतले.

१८८६ साली ते बडोदा कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. सयाजीराव महाराजांसारखा गुणग्राहक राजा लाभला आणि १८९० मध्ये बडोद्याला कलाभवन उभे राहिले. गज्जर त्याचे पहिले प्राचार्य. रंगकाम, यंत्रकाम, सुतारकाम, चित्रकला असे विषय तिथे शिकवले जात आणि तेही देशी भाषेतून. इंग्रजी येत नाही म्हणून कारागिराच्या मुलाने दाराबाहेर राहावे, हे त्यांना मान्य नव्हते. शास्त्रीय विषयांवर गुजराती पुस्तके व्हावीत म्हणूनही ते झटले. मराठी वाचकाला एक खूण सांगतो: चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी. छायाचित्रणाचे त्यांचे पहिले धडे तिथलेच.

माझ्या वर्गात मी कोळसा म्हणतो तेव्हा अर्ध्या बाकांवरून इद्दिलु असा प्रतिसाद येतो आणि इंग्रजी शब्द कोणालाच लागत नाही. त्या वेळी मला गज्जरांची आठवण येते.

१८९६ मध्ये त्यांनी बडोदे सोडले आणि ते मुंबईत आले. विल्सन कॉलेजात अध्यापन आणि पुढे स्वतःची टेक्नो-केमिकल लॅबोरेटरी. त्याच वर्षी मुंबईत प्लेग शिरला. आयोडीन आणि क्लोरीन यांच्या एका संयुगाचा त्यावर उपाय म्हणून त्यांनी पाठपुरावा केला. प्लेगवर खरे औषध यायला मात्र पुढे अनेक दशके जायची होती. त्याच १८९६ मध्ये दामोदर चाफेकरांनी मुंबईतल्या राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला डांबर फासले. संगमरवर दिसतो गुळगुळीत, पण त्याला सूक्ष्म छिद्रे असतात. डांबर आत मुरते आणि वरवर घासून निघत नाही. भल्याभल्यांनी हात टेकले, तेव्हा तो पुतळा पूर्ववत केला तो गज्जरांनी. चाफेकरांविषयी आदर बाळगूनही रसायनशास्त्राचा शिक्षक या नात्याने मला या कामगिरीचे कौतुक वाटते. पिवळे पडलेले मोती शुभ्र करण्याची रीतही त्यांनी बसवली. १९०७ मध्ये बडोद्यात निघालेल्या अलेंबिक कारखान्यामागे त्यांच्यासह त्यांचे शिष्य कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन होते. १९२० च्या जुलैत गज्जर वारले.

रंग कापडावर पक्का कसा बसवावा हे त्यांनी शिकवले. न बसलेल्या रंगाचे काय, हा प्रश्न तापीच्या भरल्या पात्राकडे पाहून त्या काळी कोणाला पडला असेल? शिवाय त्याचे साधनही नुकतेच जन्मत होते. कोळशाला तप्त वाफ देऊन सक्रिय करण्याची पेटंटे निघाली ती १९०० च्या आसपास. पहिल्या महायुद्धात विषारी वायू अडवणाऱ्या मुखवट्यांत नारळाच्या करवंटीचा दाणेदार कोळसा भरला गेला. म्हणजे हवा शुद्ध करण्याचे त्याचे काम गज्जरांच्या हयातीतच सिद्ध झाले होते.

कृती तशी सोपी आहे. करवंटी कमी हवेत जाळून कोळसा करावा, मग सुमारे ८०० ते १००० अंश सेल्सिअसला वाफ सोडावी. वाफ कोळशाचा काही भाग खाते आणि आत असंख्य छिद्रे पडतात. अशा एका ग्रॅम कोळशाच्या आतले पृष्ठफळ १००० चौरस मीटरपर्यंत, क्वचित त्याहूनही अधिक भरते. पाण्यातला रंग, वास, कीटकनाशके किंवा हवेतल्या द्रावकांच्या वाफा या भिंतींना चिकटतात. यालाच आपण अधिशोषण म्हणतो. मीठ आणि पाण्याचा जडपणा मात्र त्यातून तसेच निघून जातात. दाणे खडबडीत असल्याने पाणी त्यांच्यातून वाहते, पिंप तुंबत नाही आणि दाणे काढून पुन्हा भट्टीत तापवताही येतात.

त्या कारखान्यात एका विद्यार्थिनीने विचारले होते, सर, रंग गेला कुठे? केमिस्टने कोपऱ्यातल्या पोत्यांकडे बोट दाखवले. भरलेला कोळसा. भट्टी दूर, तापवण्याचा खर्च मोठा, म्हणून पोती साठत होती.

परत आल्यावर तिने आमच्या प्रयोगशाळेत एक उभी काचेची नळी करवंटीच्या कोळशाने भरली आणि वरून मेथिलीन ब्लूचे पाणी थेंबथेंब सोडले. पहिले तीन दिवस खाली नितळ पाणी पडले. चौथ्या दिवशी दुपारी मला बोलावणे आले. खालच्या चंचुपात्रात फिकट निळी छटा उतरली होती. तिने वहीत वेळ लिहिली, नळी रिकामी केली आणि ते दाणे कुठे टाकायचे म्हणून माझ्याकडे पाहत उभी राहिली.