बॉबी जोन्स यांचे जीवनचरित्र : लांब आणि सरळ फटक्याची गोष्ट

आज आपण एका अशा खेळाडूची ओळख करून घेणार आहोत, ज्याने आयुष्यभरात खेळून एक पैसाही कमावला नाही, तरी जगातल्या मोठमोठ्या व्यावसायिक खेळाडूंना हरवलं. त्यांचं नाव बॉबी जोन्स. खेळ गोल्फ. त्यांच्या गोष्टीतून आपल्याला एक नेहमीचा प्रश्नही सोडवता येईल. चेंडू लांब जावा आणि सरळही जावा, यासाठी ड्रायव्हर कोणता घ्यावा?

ड्रायव्हर म्हणजे काय?

इथे ड्रायव्हर म्हणजे गाडी चालवणारा नव्हे बरं का! गोल्फ खेळायच्या काठ्यांमधली सगळ्यात लांब काठी म्हणजे ड्रायव्हर. बऱ्याच होलची सुरुवात याच काठीने करतात, कारण पहिल्याच फटक्यात चेंडू खूप दूर न्यायचा असतो.

तुम्ही विटीदांडू खेळला असाल. लांब दांडूने विटी दूर जाते, पण नेम धरणं अवघड होतं. आखूड दांडू हातात चांगला बसतो, पण विटी तेवढी लांब जात नाही. ड्रायव्हरचंही तसंच आहे. समजा, तुमचा चेंडू २०० मीटर लांब गेला, पण दिशा फक्त ५ अंशांनी चुकली. तर तो ठरलेल्या जागेपासून साधारण १७ मीटर बाजूला पडतो. म्हणजे थेट गवतात किंवा झाडीत! म्हणून लांबी आणि अचूकता या दोन्हींचा विचार एकत्रच करावा लागतो. बॉबी जोन्स यांच्याइतका हा मेळ फार थोड्या लोकांना जमला.

जन्म आणि बालपण

बॉबी जोन्स यांचं पूर्ण नाव रॉबर्ट टायर जोन्स. त्यांचा जन्म १७ मार्च १९०२ रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, अटलांटा शहरात झाला. वडील वकील होते. लहानपणी बॉबी फार अशक्त होता. पोटाच्या तक्रारीमुळे त्याला नीट जेवण पचत नसे. मोकळी हवा मिळावी म्हणून आईवडील उन्हाळ्यात गावाबाहेर, ईस्ट लेकच्या गोल्फ मैदानाजवळ राहायला गेले. तिथेच या मुलाला गोल्फचं वेड लागलं.

मोठ्या माणसांच्या काठ्या त्याच्या हातात कशा मावणार? म्हणून एका जुन्या काठीचा दांडा कापून लहान करून त्याला दिला. बघा, त्याच्या हातात आलेली पहिली काठीच त्याच्या मापाची होती!

ईस्ट लेकला स्ट्युअर्ट मेडन नावाचे स्कॉटलंडचे प्रशिक्षक होते. बॉबीने त्यांच्याकडे रीतसर धडे घेतले नाहीत. तो त्यांच्या मागे मागे फिरायचा, ते काठी कशी फिरवतात ते डोळे भरून बघायचा आणि घराजवळ येऊन तसंच करून पाहायचा. बघून बघून शिकणं म्हणतात ते हेच. १९१६ साली, वयाच्या अवघ्या १४व्या वर्षी, तो अमेरिकेच्या राष्ट्रीय हौशी स्पर्धेत उतरला आणि उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला.

रागाची सात वर्षे

आता वाटेल, पुढे सगळं सोपंच झालं असेल. तसं नाही झालं. पुढची कितीतरी वर्षे मोठं विजेतेपद हुलकावणी देत राहिलं. फटका उत्तम होता, ताकद होती, पण राग नाकाच्या शेंड्यावर! फटका चुकला की तो काठी भिरकावून द्यायचा. १९२१ साली एका स्पर्धेत अशीच फेकलेली काठी एका प्रेक्षक बाईंच्या पायाला लागली. गोल्फ संघटनेने त्याला सक्त ताकीद दिली. त्याच वर्षी स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानावर खेळताना ११व्या होलच्या वाळूत चेंडू अडकला. काही केल्या तो बाहेर निघेना, तेव्हा जोन्सने चेंडू उचलला आणि स्पर्धा सोडून दिली. या गोष्टीची लाज त्याला पुढे जन्मभर वाटत राहिली.

विचार करा, काठी तीच, हात तेच. मग चुकत काय होतं? हळूहळू जोन्स यांना कळलं की दोष काठीत नाही. समोरच्या खेळाडूकडे बघायचं सोडून त्यांनी मैदानाने ठरवलेल्या आकड्याशी, म्हणजे पारशी, स्पर्धा सुरू केली. १९२३ साली इनवुड येथे त्यांनी अमेरिकन ओपन जिंकली आणि दुष्काळ संपला.

हिकरीचा दांडा आणि जेनी डीन्स

त्या काळी गोल्फच्या काठीचा दांडा हिकरी नावाच्या झाडाच्या लाकडाचा असे. हे झाड अक्रोडाच्या कुळातलं आहे. ड्रायव्हरचं डोकंही लाकडी असे. त्यासाठी पर्सिमन नावाचं लाकूड प्रसिद्ध होतं. ते आपल्याकडच्या टेंभुर्णीच्या जातीतलं, घट्ट आणि कठीण.

लाकडी दांड्याची एक खोड असते. तो वाकतो, आणि शिवाय पिळवटतोही. घाईघाईने जोर लावला तर दांडा पिळतो, काठीचं डोकं मागे राहतं आणि चेंडूवर आदळणारी बाजू उघडी पडते. चेंडू भलतीकडे जातो. म्हणून हिकरीच्या दांड्याने खेळताना काठी सावकाश मागे न्यावी लागे आणि वेग हळूहळू वाढवावा लागे. जोन्स यांचा फटका याच कारणासाठी प्रसिद्ध होता. बघणाऱ्याला वाटे, हा माणूस जोर लावतच नाही! पण चेंडू मात्र इतरांच्या पुढे पडायचा.

त्यांच्या आवडत्या ड्रायव्हरचं नाव जेनी डीन्स होतं. तो जॅक व्हाइट यांनी बनवला होता. व्हाइट हे १९०४ सालच्या ब्रिटिश ओपनचे विजेते आणि काठ्या बनवणारे उत्तम कारागीर होते. जेनी डीन्स ही सर वॉल्टर स्कॉट यांच्या कादंबरीतली एक मुलगी. बहिणीचा जीव वाचवायलाही ती न्यायालयात खोटं बोलत नाही. हे नाव जोन्स यांच्या काठीला किती शोभतं, ते पुढे कळेलच.

जोन्स यांनी आपल्या काठ्या एकदम संच म्हणून विकत घेतल्या नव्हत्या. दुकानात, कारागिराकडे गेले की एकेक काठी हातात घेऊन, हलवून, तोलून बघायचे. हाताला पटली तरच घ्यायची. असा संच जमायला वर्षे लागली. पुढे कधीतरी त्या काठ्यांची यंत्रावर तपासणी झाली तेव्हा जवळजवळ सगळ्यांचे दांडे एकसारखे कंप पावणारे निघाले, फक्त एक काठी वेगळी निघाली, असं सांगतात. आणि गंमत म्हणजे त्याच काठीने आपल्याला नेहमी त्रास दिला, अशी जोन्स यांची तक्रार होती! यंत्राला जे नंतर कळलं, ते हाताला आधीच कळलं होतं.

तोपर्यंत बाजारात पोलादी दांडे आले होते. अमेरिकेत १९२० च्या दशकातच त्यांना परवानगी मिळाली, ब्रिटनमध्ये १९२९ साली. पोलाद कमी पिळतं, म्हणून अनेकांनी पटकन काठ्या बदलल्या. जोन्स यांनी मात्र आपली ओळखीची लाकडी काठी सोडली नाही.

कुणी न पाहिलेली चूक

१९२५ सालच्या अमेरिकन ओपनमधला प्रसंग लक्षात ठेवण्यासारखा आहे. वूस्टरच्या मैदानावर ११व्या होलजवळ उंच गवतात त्यांचा चेंडू पडला होता. फटक्यासाठी काठी टेकवताना चेंडू किंचित हलला. पंचांना दिसलं नाही, प्रेक्षकांना दिसलं नाही. जोन्स यांनी स्वतःच सांगितलं आणि स्वतःवर एका फटक्याचा दंड लावून घेतला. शेवटी त्यांची विली मॅक्फार्लेन यांच्याशी बरोबरी झाली आणि जादा फेऱ्यांत ते एका फटक्याने हरले. तो एक फटका लपवला असता तर विजेतेपद त्यांचंच होतं. लोकांनी या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं, तेव्हा त्यात कौतुक कसलं, असंच त्यांना वाटलं.

चार वर्षांपूर्वी काठी फेकणारा मुलगा तो हाच! राग आवरायला शिकलेला हात आता खोटंही करत नव्हता.

१९३० : चार स्पर्धा, चार विजय

१९२३ ते १९३० या काळात जोन्स यांनी १३ मोठी विजेतेपदं मिळवली. हे सगळं त्यांनी हौशी खेळाडू म्हणून केलं. एकीकडे शिक्षणही चालूच होतं. त्यांनी जॉर्जिया टेकमधून यंत्र अभियांत्रिकी, हार्वर्डमधून इंग्रजी साहित्य आणि नंतर एमोरी विद्यापीठात कायद्याचा अभ्यास केला. पुढे ते वकील झाले.

१९३० साली त्यांनी एकाच वर्षात चार मोठ्या स्पर्धा जिंकल्या. सेंट अँड्र्यूज येथे ब्रिटिश हौशी स्पर्धा, हॉयलेक येथे ब्रिटिश ओपन, इंटरलाकेन येथे अमेरिकन ओपन आणि मेरियन येथे अमेरिकन हौशी स्पर्धा. या चारही स्पर्धा एका वर्षात दुसऱ्या कुणालाही जिंकता आलेल्या नाहीत. आणि मग, वय फक्त २८ असताना, त्यांनी स्पर्धात्मक खेळातून निवृत्ती जाहीर केली.

लाकडाकडून पोलादाकडे

निवृत्तीनंतर जोन्स यांनी गोल्फ शिकवणारे छोटे चित्रपट केले. स्पाल्डिंग या कंपनीसाठी त्यांनी काठ्यांची रचनाही केली. त्या काठ्यांचे दांडे कोणते होते, सांगा पाहू? पोलादी! लाकडी दांड्यासारखं दिसावं म्हणून त्यांवर पिवळसर थर दिलेला असे. म्हणजे जोन्स जुन्यालाच चिकटून बसणारे नव्हते. स्वतः जिंकत होते तोवर हातात बसलेली काठी त्यांनी बदलली नाही, पण हजारो लोकांसाठी एकसारख्या काठ्या बनवायच्या तर पोलाद बरं, हे त्यांच्यातल्या अभियंत्याला पटलं होतं. प्रत्येक माणूस काही वर्षानुवर्षे दुकानं धुंडाळून एकेक दांडा निवडू शकत नाही.

जॉर्जिया राज्यातच ऑगस्टा येथे त्यांनी अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी या रचनाकारासोबत एक मैदान उभारलं. तिथे १९३४ साली पहिली स्पर्धा झाली. तीच आज मास्टर्स म्हणून ओळखली जाते. या मैदानाची गंमत अशी की पहिला फटका मारायला जागा ऐसपैस आहे, पण चेंडू योग्य बाजूला पडला नाही तर दुसरा फटका फार कठीण होतो. नुसतं लांब मारून तिथे भागत नाही.

शेवटची वर्षे

१९४८ नंतर जोन्स यांना मज्जारज्जूच्या आजाराने गाठलं. शस्त्रक्रिया झाल्या, पण हातापायांतली ताकद जात राहिली. आधी काठीचा आधार, मग चाकाची खुर्ची. जगातला सर्वांत देखणा फटका मारणारा माणूस पुन्हा कधीच गोल्फ खेळू शकला नाही. तरी त्यांनी लोकांसमोर कुरकुर केली नाही. ज्याने तरुणपणी एका चुकलेल्या फटक्यापायी काठ्या भिरकावल्या, त्याने एवढं मोठं दुखणं २० वर्षांहून जास्त काळ शांतपणे सोसलं.

१९५८ साली सेंट अँड्र्यूज शहराने त्यांना मानाचं नागरिकत्व दिलं. त्यांच्या आधी हा मान मिळालेले अमेरिकन म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन. ज्या गावात चेंडू उचलून ते निघून गेले होते, त्याच गावाने त्यांना आपलं म्हटलं! १८ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचं निधन झालं. सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानावरचा १०वा होल आज त्यांच्या नावाने ओळखला जातो.

मग ड्रायव्हर कसा निवडावा?

आज ड्रायव्हरचं डोकं बहुधा टायटॅनियमचं असतं आणि नियमाप्रमाणे ते ४६० घनसेंटिमीटरपर्यंत मोठं असू शकतं. दांडा ग्राफाइटचा असतो. पण जोन्स यांची पद्धत आजही तितकीच कामाची आहे.

१. लॉफ्ट, म्हणजे पुढच्या बाजूचा कल, बघा. काठी फिरवण्याचा वेग कमी असेल तर कल जास्त घ्या. साधारण ९ ते १२ अंशांचे ड्रायव्हर मिळतात. कल कमी आणि वेगही कमी, तर चेंडू वर उठतच नाही आणि लवकर खाली पडतो.

२. दांडा आपल्या वेगाला जुळणारा हवा. फार ताठ दांडा सावकाश हाताला साथ देत नाही. फार लवचीक दांडा जोरकस हाताच्या ताब्यात राहत नाही.

३. लांबीचा मोह टाळा. लांब दांड्याने वेग वाढतो, पण चेंडू मधोमध लागणं कठीण होतं. कडेला लागलेला चेंडू लांबीही गमावतो आणि दिशाही.

४. दहा फटके मारून बघा. त्यातला सगळ्यात लांब गेलेला चेंडू मोजू नका. दहाही चेंडू किती जवळ जवळ पडले ते बघा. ज्या ड्रायव्हरने ते जवळ पडतील, तो तुमचा.

५. विकत घेण्याआधी हातात घेऊन बघा. दुसऱ्याला छान जमतो म्हणून आपल्यालाही जमेलच असं नाही.

मित्रांनो, जोन्स यांच्याकडे उत्तम ड्रायव्हर होता हे खरं. पण राग आवरला नसता तर तोच ड्रायव्हर कुठल्यातरी झाडीत पडलेला असता. म्हणून साधन निवडताना आधी आपला हात ओळखा, मग किंमत आणि चमक बघा. क्रिकेटची बॅट असो, चित्रकलेचा ब्रश असो की लिहायचा पेन, हा नियम सगळीकडे लागू पडतो.

विचार करा आणि उत्तरे लिहा

१. लाकडी दांड्याच्या काठीने सावकाश का खेळावं लागे?
२. जोन्स यांच्या ड्रायव्हरला जेनी डीन्स हे नाव का शोभतं?
३. तुमच्या रोजच्या वापरातली कोणती वस्तू तुमच्या हाताला अगदी नीट बसते? ती का आवडते, ते पाच ओळींत लिहा.