नोकरी गेलेल्या या मास्तरांनी आकड्यांच्या जोरावर अख्ख्या भागाला फिडल शिकवलं

आयर्लंडमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या सोमवारी सुट्टी असते. त्याला जोडून येणाऱ्या वीकेंडला केरी परगण्यातल्या कॅसलआयलंड गावात एका माणसाच्या नावाने संगीत महोत्सव भरतो. पॉड्रिग ओकीफ.

आता हे ओकीफ कोण?

तर १८८७ साली ग्लाउनटेनमध्ये जन्मलेले शाळामास्तर. वडीलही मास्तरच. फिडलचा, म्हणजे आपल्या व्हायोलिनचा नाद मात्र आजोळचा. शाळेत त्यांचं मन काही रमलं नाही आणि १९२० साली नोकरी गेली.

मग सुरू झाली पायपीट. केरी आणि कॉर्कच्या सीमेवरच्या श्लीव लूख्रा या डोंगराळ भागात ते घरोघरी जाऊन फिडल शिकवू लागले.

अडचण एकच होती. शेतकऱ्यांच्या पोरांना नोटेशन कुठून वाचता येणार? मास्तरांनी डोकं लावलं. नोटेशनच्या पाच रेघांमधल्या चार मोकळ्या जागा म्हणजे फिडलच्या चार तारा आणि तिथे लिहिलेला आकडा म्हणजे कोणतं बोट ठेवायचं ते. झालं! आकडे ओळखणारं कुणीही धून वाजवू शकत होतं.

डेनिस मर्फी आणि त्यांची बहीण ज्युलिया क्लिफर्ड हे त्यांचेच शिष्य. १९५२ साली सीमस एनिस यांनी बीबीसीसाठी या गुरुशिष्यांचं वादन रेकॉर्ड केलं.

१९६३ साली मास्तर गेले. मागे ना बायको-पोरं, ना इस्टेट. पण त्यांच्या हातचे आकड्यांचे कागद शिष्यांनी जपले आणि त्या धुना आजही वाजतायत.