जेजेच्या आवारातला मोगली

क्रॉफर्ड मार्केटला तुम्ही कितीदा गेला असाल! कधी खरेदीला, कधी नुसता टाइमपास म्हणून. पुढच्या वेळी प्रवेशद्वारावर जरा मान वर करून बघा. तिथली दगडी शिल्पं जॉन लॉकवूड किपलिंग यांची. जवळच्याच जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये ते शिकवायचे. त्याच आवारात ३० डिसेंबर १८६५ रोजी त्यांना मुलगा झाला. तोच रुडयार्ड किपलिंग, म्हणजे मोगलीचा जन्मदाता.

रुडयार्डची पहिली पाच वर्षं मुंबईत गेली आणि ती खऱ्या अर्थाने दोन माणसांसोबत गेली. एक त्याची रोमन कॅथलिक आया आणि दुसरा मीता नावाचा हिंदू नोकर. आयाबरोबर सकाळी फळबाजार, वाटेत क्रूस दिसला की तिची प्रार्थना. मीताचा हात धरून देवळात जायचं. दुपारी झोपताना गोष्टी ऐकायच्या, त्याही त्यांच्याच बोलीत. आईबाबांसमोर जायची वेळ झाली की दोघं त्याला बजावायची, आता इंग्रजीत बोलायचं हं! साहेबाचा हा पोरगा विचार इथल्या भाषेत करायचा आणि मग अडखळत इंग्रजीत बोलायचा.

१८७१मध्ये सगळं एका फटक्यात संपलं. आईवडिलांनी त्याला आणि धाकट्या बहिणीला इंग्लंडमधल्या साउथसी इथे एका अनोळखी कुटुंबाकडे ठेवलं आणि ते भारतात परतले. मुलांना धड काही सांगितलंही नाही. त्या घरात मार होता, अपमान होता. एकदा तर खोटारडेपणाची पाटी पाठीवर लावून त्याला शाळेत धाडलं. नजर अधू होत गेली. आई परत आली ती थेट १८७७मध्ये.

सोळाव्या वर्षी, १८८२मध्ये, तो बोटीने मुंबईला उतरला आणि त्याच्या तोंडून आपोआप इथले शब्द बाहेर पडू लागले. गंमत म्हणजे, त्यांचा अर्थ त्याला आठवत नव्हता! विचार करा, दोस्तांची भाषा जिभेवर आहे, पण दोस्तच नाहीत.

पुढे तो लाहोरला पत्रकार झाला, लेखक म्हणून गाजला. १८९२मध्ये लग्न करून अमेरिकेतल्या व्हरमाँटला राहायला गेला. बाहेर बर्फ आणि कागदावर सिवनीचं जंगल, तिथली वैनगंगा. हो, आपल्या भंडारा-गडचिरोलीकडे येणारीच वैनगंगा. ‘द जंगल बुक’ १८९४ला आलं.

तुम्ही सिनेमा पाहिला असेल, तर पुस्तक वाचताना दचकाल. इथला बालू गमत्या नाही, कडक मास्तर आहे. तो मोगलीला प्रत्येक प्राण्याच्या बोलीत ओळखीची हाक द्यायला शिकवतो. माकडं मोगलीला पळवतात, तेव्हा हीच विद्या कामी येते. तो घारीला तिच्या बोलीत हाक मारतो, घार निरोप पोहोचवते आणि सोडवायला बालू-बगीराबरोबर अजगर काआही धावतो. सिनेमात व्हिलन केलेला काआ पुस्तकात दोस्त आहे. आणि बगीरा? तो जन्मला पिंजऱ्यात. गळ्यावरचा पट्ट्याचा वण तो जंगलात कुणाला दाखवत नाही, फक्त मोगलीला दाखवतो. यारी म्हणतात ती हीच.

पण आपण नुसतं कौतुक करून थांबायचं नाही. हाच किपलिंग इंग्रजी साम्राज्याचा कट्टर समर्थक होता. गोऱ्यांनी इतरांवर राज्य करणं हे त्याला कर्तव्य वाटायचं. भारतीयांच्या हाती सत्ता द्यायला त्याचा विरोध होता. १९०७मध्ये त्याला साहित्याचं नोबेल मिळालं, १९३६मध्ये तो गेला. पण ज्यांच्या मांडीवर वाढला, त्यांना बरोबरीचं मानणं त्याला शेवटपर्यंत जमलं नाही. जंगलात त्याने जी मैत्री लिहिली, ती बाहेरच्या जगात स्वतः पाळली नाही.

मग त्याला वाचायचं का? जरूर वाचा, पण दोन्ही गोष्टी लक्षात ठेवून. आपल्या कॉलेजात तरी काय वेगळं असतं? लालबागचा, गिरगावचा, गावाकडून होस्टेलला आलेला, प्रत्येकाची बोली निराळी. कँटीनमध्ये आपण समोरच्याला आपल्यासारखं बोलायला लावतो, की त्याची हाक शिकतो? बालूच्या शाळेत पहिला धडा हाच होता. तो लिहिणाऱ्यालाच पुरता गिरवता आला नाही. तुम्ही बघा, जमतोय का!